कापायचं कुठं?

व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “मॅडम, म्हणजे आता जनुकं दुरुस्त करता येतात?” मी पटकन हो म्हणत नाही, आणि श्रोते जरा हिरमुसतात. पण वस्तुस्थिती अशी आहे की, २०२३ साली रुग्णांवर वापरायला परवानगी मिळालेला क्रिस्पर या जनुक-कात्रीचा पहिला उपचार, सिकलसेलवरचा, काहीही दुरुस्त करत नाही. २०२५ च्या मे महिन्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेनं जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले, त्यांतही काही दुरुस्त झालेलं नाही. तिन्ही ठिकाणी एक नीट चाललेली गोष्ट मुद्दाम मोडली आहे आणि मोडल्याचा फायदा झाला आहे.

मी नागपुरात हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांच्या तपासणीत काम करते. घर भंडारा जिल्ह्यातलं, धानाचं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात धान आणि सिकलसेल अनेकदा एकाच घरात असतात, त्यामुळे या दोन बातम्या मला वेगवेगळ्या वाचता येत नाहीत. वर्तमानपत्रांनी त्या वेगळ्या छापल्या. एक आरोग्याच्या पानावर, दुसरी शेतीच्या.

सिकलसेल म्हणजे काय हे एकदा तरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचं ताजं द्रावण मिसळायचं, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि हवा शिरू नये म्हणून कडा बंद करायच्या. द्रावण आतला ऑक्सिजन काढून घेतं. सुरुवातीला काहीच होत नाही. गोल, मऊ पेशी एकमेकींना खेटून पडलेल्या दिसतात. मग एखादीची कड ताणली जाते, तिला टोक फुटतं, शेजारची वाकते, आणि अर्ध्या तासात डोळ्यासमोर लांबट, विळ्यासारख्या वाकड्या पेशींची दाटी होते. वाहकाच्या रक्तातही या चाचणीत असंच घडतं, म्हणून पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते. ‘एएस पॅटर्न’ की ‘एसएस पॅटर्न’ हे त्यावर ठरतं. गावोगावच्या आशाताई आणि आईबाप आज हे शब्द सर्रास वापरतात. एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास नाही. एसएस म्हणजे आजार: हाडं ठणकवणारं दुखणं, पंडुरोग, प्लीहेचा त्रास, वारंवार जंतुसंसर्ग.

कारण फार पूर्वी कळलं आहे. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आजार असल्याचं दाखवलं. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ पर्यंत नेमकी जागाही शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. डीएनएत एका अक्षराचा फरक, ‘ए’च्या जागी ‘टी’. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली ती १९५८ साली. म्हणजे चूक कुठं आहे हे माहीत, आजार आपल्या दाराशी आहे हेही माहीत. तरी पुढची साठेक वर्षं त्या अक्षराला कुणाला हात लावता आला नाही. उपचार सापडला तो भलत्याच वाटेनं.

ती वाट १९४८ साली सुरू होते. न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं की, सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फारशा दिसतच नाहीत. पहिले काही महिने बाळ ठणठणीत असतं, दुखणी नंतर सुरू होतात. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्याला एचबी-एफ म्हणतात. जन्मानंतर काही महिन्यांत ते ओसरतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं. वॉटसन यांचा तर्क असा की, हे गर्भातलं हिमोग्लोबिनच बाळाला वाचवत असावं. तर्क अचूक होता. पुढे १९५० च्या दशकात आफ्रिकेत अशी माणसं आढळली की ज्यांच्यात हे गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही टिकून होतं, आणि सिकलसेलचं जनुक असूनही त्यांना आजार जवळपास नव्हता. सौदी अरेबियाच्या पूर्व भागातले रुग्ण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सौम्य का, या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळालं. ओडिशातले रुग्णही त्याच धर्तीचे निघाले. सिकल जनुकाच्या आसपासच्या डीएनएची ही ठेवण ‘अरब-भारतीय’ म्हणून ओळखली जाते आणि विदर्भातल्या बहुतेक रुग्णांत तीच असते. आपल्याकडच्या मुलांचं एचबी-एफ म्हणूनच तुलनेनं जास्त असतं. मात्र ‘आपला सिकलसेल सौम्य असतो’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी नागपूरच्या एखाद्या बालरोग वॉर्डात एक रात्र काढावी.

हे सारं काम कुणा मोठ्या यंत्रानं केलेलं नाही. बाळांचं रक्त पाहणं, घराण्यांची वंशावळ काढणं, कोण बरा आणि कोण आजारी याची चोख नोंद ठेवणं, एवढंच. २००७-०८ मध्ये हजारो माणसांचे डीएनए ताडून पाहिले, तेव्हा एचबी-एफ जास्त असणाऱ्यांमध्ये एका जनुकाचं नाव पुन्हा पुन्हा वर आलं: बीसीएल-११-ए. बोस्टनमध्ये विजय संकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी २००८ साली दाखवलं की हे जनुक गर्भातल्या हिमोग्लोबिनला दाबून ठेवतं. जन्मानंतर बाळाचं हिमोग्लोबिन बदलतं त्यामागे याचा मोठा हात आहे. हे जनुक मोडलं तर एचबी-एफ परत येईल, हे उघड होतं.

पण ते मोडता येत नाही. बीसीएल-११-ए मेंदूच्या वाढीलाही लागतं आणि रोगप्रतिकारक पेशींनाही. ज्यांच्यात त्याची एक प्रत जन्मतःच निकामी असते, त्या मुलांची बौद्धिक वाढ मागे पडते. मग बोस्टनच्याच गटानं त्या जनुकात एक छोटा पट्टा हुडकून काढला. हा पट्टा फक्त लाल पेशी तयार होताना कामाला येतो. मेंदूला त्याच्याशी देणंघेणं नाही. कात्री लावायची ती नेमकी तिथे. कॅसजेव्ही या उपचारात हेच केलं जातं. ब्रिटननं त्याला १६ नोव्हेंबर २०२३ रोजी परवानगी दिली आणि अमेरिकेनं ८ डिसेंबरला. अमेरिकेत परवानगीच्या वेळी ज्या ३१ रुग्णांचा पुरेसा पाठपुरावा झाला होता, त्यांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही. सहाव्या जागेवरची चूक त्यांच्या पेशींत आहे तशीच आहे.

मला या कामाचं अप्रूप वाटतं ते कात्रीमुळे नव्हे, त्या छोट्या पट्ट्यामुळे. कात्री तशी योगायोगानं हाती आली. योशिझुमी इशिनो यांना १९८७ मध्ये ओसाकात एका जिवाणूच्या डीएनएत पुन्हा पुन्हा येणारा विचित्र मजकूर दिसला. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को मोहिका मिठागरातल्या सूक्ष्मजीवांत तसाच मजकूर वर्षानुवर्षं वाचत बसले. त्याचा उपयोग काय, हे २००७ मध्ये दही आणि चीजचं विरजण बनवणाऱ्या डॅनिस्को कंपनीच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगानं सिद्ध केलं: विषाणू चाल करून आला की जिवाणू त्याचा तुकडा जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी ओळखून त्याला कापतात. विरजण विषाणूंनी नासू नये, एवढाच कंपनीचा स्वार्थ. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पाँतिए यांनी या यंत्रणेची हव्या त्या जागी नेता येणारी कात्री केली आणि २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आता तर संगणकानं रचलेल्या, निसर्गात नसलेल्या कात्र्याही येऊ लागल्या आहेत. कात्र्यांचा तुटवडा यापुढे पडणार नाही.

आता धानाकडे वळते. जाहीर झालेल्या दोन वाणांतला पहिला ‘कमला’, म्हणजे डीआरआर धान १००. तो हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेनं सांबा मसुरीपासून तयार केला. दुसरा ‘पुसा डीएसटी राइस १’, दिल्लीच्या पुसा संस्थेनं एमटीयू १०१० पासून केलेला. कमलाचं पीक मूळ वाणापेक्षा सुमारे १९ टक्के जास्त येतं आणि ते पंधरा-वीस दिवस आधी कापणीला येतं, असा परिषदेचा दावा आहे. पुसा डीएसटी खारट आणि चोपण जमिनीत तग धरतो. बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचं जनुक बाहेरून आणून बसवलं होतं. इथे तयार रोपात बाहेरचं काही नाही. भाताचं एक-एक जनुक निकामी केलं आहे, इतकंच. केंद्र सरकारनं मार्च २०२२ मध्ये अशा पिकांना जनुक-परिवर्तित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली ती याच कारणानं.

कमलात मोडलेल्या जनुकाचं नाव सीकेएक्स-२. त्याचं काम सायटोकायनिन नावाचं वनस्पती-संप्रेरक नष्ट करणं. लोंब तयार होत असताना हे संप्रेरक जितकं जास्त टिकतं, तितक्या लोंबीला उपफांद्या जास्त आणि दाणे जास्त. मोडणारं जनुकच मोडलं की संप्रेरक साठतं आणि लोंब भरते. हे हैदराबादला प्रथम कळलं असं नाही. जपानमध्ये नागोयाच्या संशोधकांनी कोशिहिकारी आणि हाबाताकी या दोन वाणांची तुलना केली होती. हाबाताकीच्या लोंबीत दाणे बरेच जास्त. का, हे शोधत ते २००५ मध्ये या जनुकापर्यंत पोचले. हाबाताकीत ते आधीच दुबळं झालेलं होतं. शेतकऱ्यांनी आणि पैदासकारांनी जास्त दाण्यांची लोंब निवडता निवडता नकळत त्याच मोडक्या जनुकाची निवड केली होती.

दुसऱ्या वाणातलं डीएसटी हे जनुकही असंच सापडलं. चीनमध्ये हजारो उत्परिवर्तित रोपं मिठाच्या पाण्यात आणि दुष्काळात वाढवून, कोणतं रोप जगतं ते पाहिलं. जगलेल्या एका रोपात डीएसटी निकामी होतं. त्याच्या पानांवरची रंध्रं लवकर मिटत आणि पाणी कमी उडे. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे २०१३ मध्ये असं दिसलं की डीएसटी हेच सीकेएक्स-२ ला चालना देतं. म्हणजे दिल्लीनं आणि हैदराबादनं एकाच साखळीच्या दोन कड्या तोडल्या आहेत. हे वाचलं तेव्हा मला बीसीएल-११-ए आठवलं. तिथेही दाबून ठेवणारा आहे, इथेही आहे. दाबणारा बाजूला झाला की शरीर किंवा रोप जे आधीपासून करू शकत होतं, तेच करू लागतं.

या दोन वाणांच्या चाचण्यांच्या आकड्यांवर काही संघटनांनी जाहीर आक्षेप घेतले आहेत. परिषदेनं सगळा कच्चा तपशील लोकांपुढे ठेवावा, असं माझंही मत आहे. दावा सरकारी संस्थेचा आहे म्हणून तो तपासायचा नाही, हे विज्ञानात चालत नाही. दाणे वाढले की लोंब जड होते, लोंब जड झाली की वाऱ्यापावसात धान लोळतं, हे आमच्याकडच्या कुठल्याही बांधीवर कळतं. पंधरा-वीस दिवस लवकर येणाऱ्या धानाचं मोल मात्र मला पटतं. पाऊस लवकर उघडला आणि मामा (माजी मालगुजारी) तलावातलं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं नाही की अखेरच्या दोन आठवड्यांत वर्षाची कमाई जाते. कोकणात पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं पनवेल १, २, ३ हे खार सोसणारे वाण जुन्या पद्धतीनं दिलेच आहेत. नव्या वाणाची कसोटी त्यांच्याशेजारी लावून व्हायला हवी.

आणि दादाजी खोब्रागडे यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक. १९८३ मध्ये पटेल-३ जातीच्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून आलेल्या बारीक तांदळाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. तो तांदूळ राज्याबाहेर गेला, अनेकांच्या घरात शिजला. २०१८ मध्ये दादाजी गेले. त्यांच्या वाणांमध्ये कोणती जनुकं बदललेली आहेत, हे प्रयोगशाळेत नीट वाचणं हे जनुक-संपादन करणाऱ्यांचं पहिलं काम असायला हवं. हाबाताकीनं जपानला जे दिलं, ते आपल्या बांध्यांत नसेल असं मानायला काही आधार नाही.

दुरुस्ती अगदीच होत नाही असंही नाही. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका बाळासाठी, फक्त त्याच्या एकट्याच्या चुकीसाठी, सहा महिन्यांत औषध बनवलं गेलं. त्यात डीएनएचे दोन्ही धागे न तोडता एक अक्षर बदलणारं साधन होतं, आणि ते यकृतापर्यंत चरबीच्या सूक्ष्म कणांतून गेलं. बाळाची तब्येत सुधारली. थक्क करणारी गोष्ट आहे. पण सिकलसेलमध्ये ‘टी’चा पुन्हा ‘ए’ करणं हे या साधनाला जमत नाही. त्याच्या आवाक्यातला बदल केला तर सहाव्या जागी व्हॅलिनऐवजी अ‍ॅलॅनिन येतं. ते चालेल का? चालतं, असं उंदरांवरच्या २०२१ मधल्या प्रयोगांत दिसलं. आणि चालावं अशी आशा आधीपासून होती, कारण इंडोनेशियातल्या मकास्सारमध्ये असं हिमोग्लोबिन असलेली माणसं पूर्वीच सापडली होती आणि त्यांना आजार नव्हता. म्हणजे दुरुस्तीचा रस्ताही कुणाच्या तरी रक्ताच्या जुन्या नोंदीतूनच गेला.

पैशाची गोष्ट लांबवत नाही. कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. त्याआधी बुसल्फान देऊन रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा मारावी लागते, त्यात पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, आणि चार ते सहा आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. भारतानं स्वतःचा रस्ता धरला आहे. सीएसआयआरच्या दिल्लीतल्या आयजीआयबी संस्थेनं वेगळ्या जिवाणूची कात्री घेऊन ‘बिरसा १०१’ हा उपचार विकसित केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं. (याच गटानं कोविडच्या तपासणीला सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचं ‘फेलुदा’ हे नाव दिलं होतं; नावं ठेवण्यात ही मंडळी वाकबगार.) त्याची वाट मीही पाहते आहे. पण हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल आजच हाताशी आहे. तीही नेमकं तेच करते, गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, आणि परवडते. अडचण असते ती प्राथमिक आरोग्य केंद्रात ती महिनोन्‌महिने सलग मिळण्याची, आणि दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासून मात्रा ठरवणाऱ्या डॉक्टरची. जनुक-संपादनाच्या एका परिषदेत मी हे बोलले, तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी करायची असं ठरलं. तपासणी झपाट्यानं होते आहे, हे चांगलंच. मला खटकतं ते एवढंच की बऱ्याच ठिकाणी नोंद होते ती फक्त एए, एएस की एसएस याची. एसएस मुलाचं एचबी-एफ किती, हा आकडा एचपीएलसीच्या कागदावर छापून येतो आणि पुढे कुठंच चढत नाही. तो आकडा, वय, वर्षात किती वेळा दुखणं उठलं, किती वेळा रक्त भरलं, घरात आणखी कोण एसएस आहे: एवढी पाच खाती एका तक्त्यात जुळली, तर कात्री लावायची पुढची जागा आपल्याच जिल्ह्यांतून सापडू शकते.

कारण जागा अजून संपलेल्या नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या एका घरात दोन भाऊ आहेत, दोघंही एसएस. थोरला वर्षातून बऱ्याचदा वॉर्डात भरती होतो. धाकटा कबड्डी खेळतो. त्याचं एचबी-एफ थोरल्याच्या जवळपास दुप्पट आहे. बीसीएल-११-ए आणि एचबी-एफवर परिणाम करणाऱ्या डीएनएतल्या इतर ठाऊक जागा आम्ही तपासल्या. दोघांत फरक नाही. त्यांची आई मला विचारते, “दोघंबी माझेच लेकरं मॅडम, मंग याले काऊन होते अन् त्याले काऊन नाही होत?” तिचा प्रश्न जॅनेट वॉटसन यांच्याच जातीचा आहे. आईबापाचे नमुने घेऊन झाले आहेत. आता आजीचा हवा, कारण ती एएस असून तिचंही एचबी-एफ तिच्या वयाला शोभणारं नाही. आशाताईंनी दोनदा निरोप दिला. आजीचं म्हणणं, पऱ्हे तयार आहेत, रोवणी उरकू द्या, मग पाहिजे तेवढं रक्त न्या.